मागे जायला शॉर्टकट नाही

मंगळवार, ४ जून
परळच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसणाऱ्या नित्याने आज घाण केली. डेटाबेसच्या टेबलात नवा रकाना घालायचा होता, म्हणजे मायग्रेशन, टेबलाच्या रचनेतला बदल, एक पायरी पुढे न्यायचं. कमांड ही लांबलचक. कोण टाइप करतं ती? आम्ही सगळे वरचा बाण दाबून जुनी कमांड उचलतो. गडी एक बाण जास्त दाबून, एंटर मारून मोकळा. निघाली मागे नेणारी, आधीचा बदल पुसणारी. ग्राहकांच्या पत्त्यांचं अख्खं टेबल गेलं. बॅकअप होता म्हणून वाचलो. नित्या रडवेला.

शुक्रवार, ७ जून
ही कमांड ज्या फ्रेमवर्कची, म्हणजे तयार कोडच्या सांगाड्याची, तो बनवणाऱ्यांच्या साइटवर प्रस्ताव टाकला. पुढे जायची कमांड दोन अक्षरी करा, म्हणजे माणूस बाण सोडून हाताने लिहील. मागे जायची लांबच ठेवा, वर डेटाबेसचं नाव टाइप करून घ्या. कोडही लिहून दिला.

सोमवार, १० जून
फ्रेमवर्क सांभाळणारा कोणी गृहस्थ, कुठल्या देशातला देव जाणे. म्हणतो, कमांड लांब असली की माणूस विचार करतो. डोंबल विचार करतो! प्रस्ताव बंद केला. मी परत उघडला, आणि नित्याचा किस्सा लिहिला, नाव न घालता.

बुधवार, १२ जून
खाली बरेच जण लिहितायत, आम्हीही बाणच दाबतो. मी प्रत्येकाला उत्तर. आई स्वयंपाकघरातून, "कोणाशी भांडतंस गो?" म्हटलं, ओळखत नाही. "मगे जेव आधी, आणि भांड."

सोमवार, १७ जून
गृहस्थ नरमला, पण अट घातली. मागे जायलाही तसाच शॉर्टकट द्या, दोन्ही सारखे दिसायला हवेत. नाव विचारणं काढा. नित्या म्हणाला, घे ना, जगभर तुझं नाव लागेल. खोटं कशाला बोलू, लागावं असं फार वाटतं. पण एक अक्षर चुकलं की टेबल गेलं, मग मी भांडले कशासाठी? लिहून टाकलं, हे बदलणार नाही.

बुधवार, १९ जून
उत्तर नाही. ऑफिसच्या मशीनवर मीच माझा कोड चढवला, कोणाला विचारलं नाही. दुपारी नित्या म्हणाला, टेस्टवर, खोट्या माहितीच्या डेटाबेसवर, मागे जाऊन बघतो. पूर्ण कमांड टाइप केली. मशीनने डेटाबेसचं नाव दाखवून तेच लिहायला सांगितलं. अर्धं लिहून त्याचा हात थांबला.
"अगं, हा टेस्ट नाही, लाइव्ह आहे. ग्राहकांचा."
घडलं तेवढंच प्रस्तावाखाली लिहिलं. बंद करायचा तर करू दे त्याला. मी परत उघडेन.