पित्ताच्या पिशवीचा फोटो

सक्करदरा, नागपूर
१२ फेब्रुवारी १९७४

तीर्थरूप यमुताईस, धाकट्या श्रीधरचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला थांबला का? आम्ही खुशाल आहोत असं लिहिणार होतो, पण तुला खोटं लिहवत नाही.

महिनाभर जेवलो की उजव्या बरगडीखाली असं दुखायचं, की ऑफिसात फायलीवर डोकं टेकून बसायचो. (हेडक्लार्कला वाटलं, झोपतो.) शेवटी शामलाने मला धंतोलीतल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पित्ताच्या पिशवीचा फोटो काढायला सांगितला. ती पिशवी म्हणे साध्या एक्स-रेत दिसत नाही. म्हणून आदल्या संध्याकाळी सहा गोळ्या घ्यायच्या. त्यांतलं औषध रक्तातून फिरत फिरत बरोबर त्या पिशवीत जाऊन साठतं आणि सकाळी ती फोटोत पांढरी उमटते. ताई, मला घाम फुटला. इथे पोस्टमनला आमचं घर सापडत नाही, आणि या गोळ्या पोटातल्या अंधारात पिशवी कशी शोधणार? त्यात शेजारचे रुपराव फाटकातूनच म्हणाले, "काहून घेता गा श्रीधरराव? औषध वाट चुकलं तं सीधं काळजात जाऊन बसते."

तरी मी धीर धरला. तेलातुपाचा थेंब नसलेला भात खाल्ला आणि पाच-पाच मिनिटांनी एकेक गोळी घेतली. (दर गोळीनंतर नाडी पाहिली. शेवटपर्यंत चालू होती.) सकाळी फोटो काढला, तर पिशवीचा पत्ताच नाही! डॉक्टर फिल्म उजेडात धरून गंभीर झाले. "गोळ्या सगळ्या घेतल्या ना? मग पिशवी पार निकामी झाली असणार." मी बाकावर बसलो आणि आमच्या नीलाचं कन्यादान कोण करील, इथवर पोचलो. (पोर आठ वर्षांची आहे.)

तेवढ्यात शामला डॉक्टरांपुढे जाऊन उभी राहिली. "डॉक्टरसाहेब, गोळ्या मी बदलवल्या. मले भेव वाटलं, म्हून यांले घरातल्या अपचनाच्या सोडामिंट देल्या." डॉक्टर एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहत राहिले. मी तिला रागावलो नाही, ताई. बायकांचं मन भित्रं असतं, हे समजून घेतलं.

त्याच संध्याकाळी खऱ्या गोळ्या घेतल्या. शामला समोर बसून होती. दुसऱ्या सकाळी फोटोत पिशवी लख्ख दिसली, लहानशा वांग्याएवढी, आणि आत तीन काळे ठिपके. ते खडे. मग पिशवी पित्त सोडते का ते बघायला मला लोणी-पाव खायला घालून पुन्हा फोटो काढला, तर पिशवी छान आक्रसली. पिशवी काम करते, पण खड्यांसकट काढलेली बरी, असं डॉक्टर म्हणाले.

भाऊजींना नमस्कार.

तुझा,
श्रीधर

ता. क. ऑपरेशन येत्या सोमवारी आहे. तुला यायला जमेल का? माझं काही नाही, शामला घाबरते.

आणखी एक ता. क. यमुताई, मी शामला. पत्र पेटीत टाकाले माझ्याच हाती देलं, म्हून वाचलं. गोळ्या मी नव्हत्या बदलवल्या. फोटोच्या वक्ताले यांचा कोट माझ्यापाशी होता. खिशात सहाच्या सहा गोळ्या सापडल्या. रुपरावचं ऐकून यांनीच सोडामिंट गिळल्या होत्या. बाकावरचं यांचं तोंड पाहवलं नाही, म्हून मी माझ्यावर घेतलं. यांले काही बोलू नका. पण रविवारीच या. यांचा हात धराले मी आहे, माझा धराले कोनी नाही.