जोडी बाहेर, एकटी आत

सोमवार, ३ मार्च

परत लाल रेघ! सगळ्या पायऱ्या बरोबर, उत्तरं दोन काढली, तरी सूनबाईंनी त्यातलं एक सरळ कापलं. म्हणे, "आई, ताळा केला नाहीत." क्ष अधिक सहा, या अख्ख्याचं वर्गमूळ बरोबर क्ष. दोन्ही बाजूंचा वर्ग करायचा, हे तिनेच शिकवलं. केला. तीन आलं, वजा दोन आलं. आलं ते लिहिलं. वाट न चुकता चाललेला माणूस चुकीच्या घरी कसा पोचेल? विचारलं तसं. तर हसली आणि काहीतरी सांगत बसली. शाळेत पोरांना गणित शिकवते म्हणून घरी सासूलाही बाकावर उभं करणार.

दहावी झाल्याशिवाय धुलाईखात्याची मुकादम करणार नाहीत, नाहीतर या वयात हे खूळ कोणी डोक्यात घेतलं असतं? इस्पितळाच्या चादरी धुवायला वर्गमूळ लागतं हे ज्याने ठरवलं, त्याला एकदा आमच्या इस्त्रीपुढे उभा करा.

मंगळवार, ४ मार्च

कंटाळा. पुस्तक उघडलं नाही.

गुरुवार, ६ मार्च

आज सोपं रूप देणे. बाराचं मूळ आणि तिनाचं मूळ, मिळवा. मी पंधराचं मूळ लिहिलं. सूनबाईंनी कपाळाला हात लावला. "आई, मोजे आणि चादरी एकत्र मोजता का तुम्ही?"

मग नीट सांगितलं, ते कबूल करायला पाहिजे. आतल्या आकड्याचे तुकडे पाडायचे. बारा म्हणजे दोन, दोन, तीन. सारख्यांची जोडी जमली की तिच्या नावाचा एक बाहेर येतो. एकटा उरला तो आतच, छपराखाली. म्हणजे बाराच्या मुळात तिनाची मुळं दोन. त्यात आणखी एक, झाली तीन. बहात्तरचं मी एकटीने केलं – सहा बाहेर, दोन आत. "शाब्बास," म्हणाली. मला! बरं वाटलं, पण तोंड वाकडंच ठेवलं.

शनिवार, ८ मार्च

चिरंजीव दाढी करता करता म्हणाले, "आई, आम्ही वेगळं राहायचं बघतोय. तिचाच हट्ट आहे. तुझ्या बोलण्याचा तिला त्रास होतो. तिच्याकडे विषय काढू नकोस, उगाच रडारड होईल." साबण पुसला आणि गेला कामावर.

म्हणजे ते शिकवणं, ते शाब्बास, सगळं वरवरचं. जोडी बाहेर पडणार, एकटी छपराखाली. कुणावर बेतलं होतं गणित ते कळलं आता. मी तिला बोलले असेन. मी सगळ्यांनाच बोलते. हे होते तोवर यांनाही बोलायचे, ते कुठे घर सोडून गेले? जा म्हणावं. भांडी वाटून न्या. कुकर माझा आहे.

रविवार, ९ मार्च

शिकायला बसले नाही. "डोकं दुखतंय का आई?" आवाज किती गोड. भांडी आपटून घासली.

मंगळवार, ११ मार्च

परीक्षा तोंडावर. तिच्यावाचून माझं अडत नाही म्हणून दुपारच्या सुट्टीत कामावरच बसले, तेच कापलेलं गणित घेऊन. वजा दोन खरंच आहे हे दाखवतेच म्हटलं. वर्ग केलेल्या ओळीत घातलं – चार बरोबर चार. चोख बसलं! मग पहिल्या ओळीत घातलं, म्हणजे तिचं तोंडच बंद. डावीकडे चाराचं मूळ, दोन. उजवीकडे वजा दोन. नाही बसलं. परत केलं. नाहीच. तीन मात्र दोन्हीकडे बसतं.

वर्ग केला की वजाची खूण पुसली जाते, मग मधल्या ओळीला खरं-खोटं काही कळत नाही. "मूळ प्रश्नाला जाऊन विचारा," त्या सोमवारी ती हेच सांगत होती. रागाच्या भरात मी ऐकलं कुठे?

भोंगा वाजला तरी उठले नाही. वेगळं राहायचा हट्ट तिचा, हे मला तिने कधी सांगितलं? सांगितलं आमच्या दोघींच्या मधल्याने, चिरंजीवांनी. आणि वर बजावलं, तिला विचारू नकोस.

बुधवार, १२ मार्च

विचारलं. काकडी चिरत होती. "वेगळं राहायचंय म्हणे तुला." सुरी थांबली.

"मला? तुम्हीच ना यांना म्हणालात, हिची मास्तरकी आता सहन होत नाही, वेगळे राहा? विषय काढू नकोस म्हणाले, आई भडकतील."

"मी? एका शब्दाने नाही."

"म्हणून जास्तच गोड बोलत होते," ती म्हणाली. "वाटलं, राहू द्याल."

मी म्हटलं, "काकड्या फार जाड चिरतेस." नाक ओढत हसली.

गुरुवार, १३ मार्च

चिरंजीव जेवायला बसले तेव्हा दोघी समोर जाऊन उभ्या राहिलो. मी म्हटलं, "आमच्या नावावर तू दोन उत्तरं खपवलीस. दोन्हींचा ताळा झाला, एकही बसत नाही. तुला जायचं असेल तर तू जा. ही इथेच राहते म्हणालीय. का जायचंय ते रविवार सकाळपर्यंत सांग. पायऱ्यांसकट."