आधी पालकांचा तास

रविवार, १२ जानेवारी

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही सगळे मजेत. तुझा गुडघा काय म्हणतो? इतके दिवस पत्र नाही, म्हणून तोंड फुगवून बसली असशील. शाळेच्या भानगडीत अडकले होते, असं समज.

यंदा आमच्याकडे लैंगिक शिक्षणाचा तास आला. मुलं नाना भाषांची, नाना धर्मांची. शिक्षकांच्या खोलीत दोन तट पडले. गणिताच्या बाई म्हणाल्या, मुलं मोबाइलवरून नको ते शिकतातच, मग आपण का नको? खेळाचे सर म्हणाले, कुणाच्या घरी काय खटकेल सांगता येत नाही, निस्तरणार कोण? शिकवायचं मला, विज्ञानवालीला, पण मी सरांचीच री ओढली. पालकांचं नाव पुढे केलं की आपली लाज झाकली जाते गं.

आमच्याकडे अवघड धडा आधी पालकांना शिकवतात, मुलांच्याच बाकांवर बसवून. मुख्याध्यापिकांनी याही तासाचं तेच ठरवलं. काल संध्याकाळी वर्ग भरला. पाळीपासून सुरुवात केली, तीही फळ्याकडे तोंड करून. तरी रेटलं. शेवटी मागच्या बाकावर कपाळाला आठ्या घालून बसलेला एक बाप, आमच्याकडचा शिंपी, उठला. धास्ती होती ती त्याचीच. त्याच्या शेजारी बसलेल्या बाईंनी त्याचं बोलणं आपल्या भाषेत सांगितलं.

"हे माझ्या तोंडून घरात कधी निघायचं नाही. म्हणून तुम्ही सांगा. पहिला तास तेवढा मुलामुलींचा वेगळा घ्या."

मुलांचा मी घेतो, असं खेळाचे सर लगेच म्हणाले. मला केवढं हायसं वाटलं.

पण खरं लिहायचं ते राहिलंच. चिमणीला पाळी आली तेव्हा तिने तुला फोन केला, हे मला कळलं होतं. आई शेजारच्या खोलीत आणि पोरगी विचारते मावशीला! फार लागलं मनाला. राग तुझ्यावर काढला, म्हणून पत्र नाही.

काल ती माझी वाट बघत वर्गाबाहेर थांबली होती. सगळं ऐकलं तिने. घरी ताटं पुसताना म्हणाली, "आई, परक्या लोकांना किती नीट सांगतेस गं. मलाही सांग ना."

मग आम्ही ओट्याशीच उभ्या राहून बोललो. भांडी तशीच पडली. हसलोसुद्धा खूप.

तू होतीस म्हणून तेव्हा तिला विचारायला कुणी होतं. आता तिचा फोन कमी आला, तर मनाला लावून घेऊ नकोस.

तुझी, राग पार निवळलेली,
धाकटी