तू पाठवलेल्या डबीचे कान

कोलोवाई,
मंगळवार, चहानंतर

आदरणीय टोआकासे ताईस,

धाकटा भाऊ लिसियाते याचा, डोकं तुझ्या पायांपेक्षा खाली जाईल इतकं वाकून, नमस्कार. (पत्रात वाकलेलं दिसत नाही हे मला कळतं. पण मी खरंच जमिनीवर बसून, कमरेला चटई गुंडाळून लिहितो आहे. का, ते पुढे येईलच.) देवाने आम्हा सगळ्यांना आजचा दिवस दाखवला, त्याचे आभार, आणि ऑकलंडच्या थंडीत त्याने तुलाही धडधाकट ठेवलं असेल अशी आशा. तुझा गुडघा कसा आहे? आईचा गुडघा पावसाच्या आदल्या दिवशी बोलतो आणि तो अजून एकदाही चुकलेला नाही. तुझ्या भाचीच्या, लेसिएलीच्या लग्नाची तयारी जोरात आहे. कोनफळं चांगली धरली आहेत, म्हणजे डुकराने ठेवली तेवढी. डुकराचा विषय मला नाइलाजाने पुन्हा काढावा लागेल, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

तू टीव्हीला जोडायला जी डबी पाठवलीस, ती चर्चच्या मंडळींबरोबर सुखरूप पोचली. माझा मेहुणा, कालोलाइनेचा भाऊ फेआओ, फोनच्या दुकानात कामाला आहे, तो येऊन जोडून गेला. (त्यानंतर तो आमच्याकडे फिरकलेला नाही, कारण आला की कालोलाइने त्याला भट्टीसाठी खड्डा खणायला लावते.) डबीशी बोललं की डबी ऐकते, आणि गाणी, सिनेमे, हवामान, म्हणाल ते दाखवते, असं तो म्हणाला. तिला फक्त इंग्रजी येतं. आई तिच्याशी आपल्या भाषेत बोलली, तेव्हा डबीने नम्रपणे माफी मागितली. आईने दुसरा प्रश्न विचारला, तिने पुन्हा माफी मागितली. आई खूश झाली. म्हणाली, पोरगी वळणाची आहे, आजकाल इतकी माफी कोण मागतं?

पहिल्याच रविवारी पाद्रीबाबा जेवायला आले. अळूच्या पानांत नारळाचं दूध आणि डब्यातलं गोमांस बांधून भट्टीत घातलेलं होतं, वासाने आमचे जीव कासावीस झाले होते, आणि पाद्रीबाबांनी जेवणाआधीची प्रार्थना सुरू केली. त्यांची प्रार्थना कशी असते ते तू जाणतेस. राजघराण्यापासून सुरुवात करून ते आजारी, प्रवासी आणि समुद्रावर गेलेले असे सगळे घेतात, आणि मग आपल्या गल्लीत येतात. ते समुद्रावर पोचले असताना, कुठल्या शब्दाला डबी दचकली कोण जाणे, एक गोड आवाज आला की माफ करा, मला समजलं नाही, पुन्हा सांगता का? पाद्रीबाबांचे डोळे मिटलेले. त्यांना वाटलं, पाहुण्यांपैकी कुणीतरी बाई आहे आणि तिला खरोखरच आस लागली आहे. त्यांनी प्रार्थना राजघराण्यापासून पुन्हा सुरू केली.

दुसऱ्या खेपेला ते आजाऱ्यांपर्यंत आले होते, तेव्हा डबीने ऑकलंडला उद्या पाऊस आहे असं सांगितलं. आता मात्र त्यांनी डोळे उघडले. कालोलाइनेने धावत जाऊन डबीवर भांडी पुसायचं फडकं टाकलं आणि फडक्याखालून जे हाताला लागलं ते दाबलं, सरकवलं, पिरगळलं. डबी गप्प झाली. जेवण झालं. पाद्रीबाबा जाताना माझ्याकडे न बघता गेले, पण पानं मात्र दोनदा मागून घेतली होती, तेव्हा फार मनाला लावून घेतलं नसावं.

फडकं काढलं तर डबीच्या कपाळावर एक लाल दिवा लागला होता.

ताई, इथे माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी आयुष्यभर रेडिओवर सूचना वाचल्या. कोण वारलं, कोणती बोट सुटणार, कुणाची गाय कुणाच्या वाडीत शिरली. तुला आमची ती खोली आठवते, दारावर लाल दिवा होता. तो लागला की माझी शिंकसुद्धा साऱ्या बेटांवर ऐकू जायची. (एकदा गेलीही होती. ज्या घरी मयत झालं होतं, त्यांनी ती सहानुभूती समजून गोड मानून घेतली.) लाल दिवा म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको. डबी बोलायची थांबली होती, पण ऐकायची नव्हती. बोलणाऱ्याचं एक बरं असतं, तो कुठे बसलाय ते कळतं. गप्प बसून ऐकणाऱ्याचं काय करायचं?

चार दिवसांनी मी बसने शहरात जाऊन फेआओला गाठलं. त्याने दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये मला सांगितलं की डबीने ऐकलेलं सगळं साठवून ठेवलेलं असतं, आणि ज्याच्या नावावर डबी आहे, त्याला ते आपल्या फोनवर हवं तेव्हा ऐकता येतं. मी विचारलं, डबी कुणाच्या नावावर आहे? तो म्हणाला, "टोआकासेच्या. तिनेच नाही का पाठवली?"

बसमध्ये मला बसायला जागा होती, तरी मी उभ्यानेच घरी आलो.

तू बाहेरची कुणी असतीस तर एक वेळ चाललं असतं. पण तू माझी बहीण, आणि आपल्याकडे बहिणीपुढे भावाने मान खालीच ठेवायची. तुझ्यासमोर मी कधी वेडावाकडा शब्द काढलेला नाही, तू खोलीत असताना टीव्ही पाहिलेला नाही, तुझा चहाचा कप मी उष्टा केलेला नाही. बापाने आपल्याला वाढवलंच तसं. आणि आता माझ्याच बैठकीच्या खोलीत तुझा कान बसला होता, चोवीस तास, डबीच्या आकाराचा! तेव्हापासून मी टीव्हीसमोर जाताना, मोठ्यांपुढे जाताना बांधतात तशी, कमरेला चटई बांधतो आणि समोरून जायचं झालं तर वाकून जातो. कालोलाइने हसते. तिची तू बहीण नाहीस.

डबी काढून का टाकली नाही, असं तू विचारशील. तू पाठवलेली वस्तू उपटून फडताळात टाकायची म्हणजे तुझ्या तोंडावर दार लावायचं. शिवाय आईला तिच्यावर चर्चमधली समूहगाणी लागतात. म्हणून मी ठरवलं, डबी राहू दे, फक्त तिचे कान बंद करू. रिमोट घेऊन मी डबीच्या पोटात शिरलो. एका पानातून दुसरं पान, दुसऱ्यातून तिसरं, शेवटी ऐकणं बंद करायची जागा सापडली, तर ती मालकाचा पासवर्ड मागायला लागली. मी तुझा वाढदिवस घातला. आईचा घातला. बापाच्या नावाचं स्पेलिंग तीन तऱ्हांनी घातलं. मग पडद्यावर आलं की चुकीचे प्रयत्न झाल्याचं मालकाला कळवण्यात येत आहे. मी रिमोट जमिनीवर ठेवला आणि पडद्याला नमस्कार केला.

तेव्हापासून आमचं घर नीरफणसाखाली आलं आहे. काहीही बोलायचं असलं की आम्ही उठून झाडाखाली जातो. मिठाचं विचारायला, भांडायला, भांडण मिटवायला, सगळं तिथेच. पाऊस आला तर भांडण अर्धं राहतं. लेसिएलीचा होणारा नवरा परवा आला, आम्ही त्याच्याशी खोलीत एक अक्षर बोललो नाही, नुसते हसत बसलो. बिचाऱ्याचा घाम निघाला. जाताना त्याने लेसिएलीला हळूच विचारलं म्हणे, की लग्न मोडलंय का?

हे हसण्यावारी नेता आलं असतं. पण ताई, तुझा रविवारचा फोन बंद झाला. एक रविवार गेला, दुसरा गेला, आता चौथा गेला. आईने फोन उशाशी ठेवला, मग मांडीवर ठेवला, मग उराशी धरला. तेव्हा माझी खात्री पटली की तू ऐकलंस. आणि काय ऐकलंस तेही मला पक्कं ठाऊक आहे. तू लग्नाला आली नाहीस, तर आत्याच्या मानाच्या जागेवर कोण बसणार? ती जागा रिकामी ठेवून मी लेसिएलीला कसं पाठवू? म्हणून फोनवर तुझ्या कानात जे बोलायची माझी छाती नाही, ते इथे लिहितो.

पहिलं, डुकराचं. ते लग्नाच्या कोनफळांत शिरलं होतं आणि मी खिडकीत उभा होतो. मी त्याला जे म्हणालो ते इथे लिहिता येत नाही, पण ते त्याच्याबद्दल, त्याच्या आईबद्दल आणि विकणाऱ्याबद्दल होतं. त्यातला एकही शब्द तुझ्या कानासाठी नव्हता. दुसरं, झाडाच्या सालीच्या मोठ्या कापडाचं, जे लग्नात आत्याला मानाने द्यायचं असतं. कालोलाइने म्हणाली की टोआकासे ऑकलंडला दोन खोल्यांत राहते, पन्नास पावलं लांब कापड ती अंथरणार कुठे, रस्त्यावर? तिला लहान देऊ आणि मोठं ठेवू. मी गप्प बसलो. (मी गप्प बसलो, हे डबीला ऐकू आलं नसणार, म्हणून मुद्दाम सांगतो.) पण ती वाईट मनाने बोलली नाही. तिने आणि बायकांनी सबंध वर्ष साल कुटून ते केलं, हात दुखत होते, आणि दुखऱ्या हाताचं माणूस काहीही बोलतं. तिसरं, तुझ्या गाण्याबद्दल फेआओ जे म्हणाला ते फेआओ म्हणाला, मी घरात ते फक्त पुन्हा सांगितलं.

घरात डबीला न घाबरणारी एकटी आई आहे. मीच तिला सांगितलं होतं, जपून बोल, टोआकासे सगळं ऐकते. त्या दिवसापासून संध्याकाळची प्रार्थना झाली की ती टीव्हीसमोर चटई टाकून बसते आणि तुझ्याशी बोलते. तू पायमोजे घालतेस का विचारते. माझ्या चहाड्या सांगते. कुणाची सून आली, कुणाची गाय नव्हे, बोट बुडाली (ही चूक आईची नाही, माझी, डुकरामुळे डोक्यात जनावरंच फिरतात), शेजारच्यांचं छप्पर कसं गळतं, सगळं. आम्ही बाहेर झाडाखाली आणि ती आत तुझ्यापाशी. माझी चहाडी ऐकूनही मला राग येत नाही, खरं सांगतो.

तर ताई, राग सोड. लेकरं समज आणि लग्नाला ये. तुझी जागा मांडलेली आहे. सगळ्यांना आशीर्वाद, गुडघ्याला तेल लाव.

तुझा,
वाकलेलाच,
लिसियाते

ता. क. खरं तर एवढ्याचसाठी पत्र लिहिलं: तुझ्या फोनवरून डबीचे कान तेवढे बंद करून टाक. आम्हाला घरात यायचं आहे.

ता. क. मोठं कापड तुझंच. वरचं वाचून दाखवल्यावर कालोलाइने स्वतः म्हणाली. अंथरायला जागा नसली तर पांघर, असंही म्हणाली, पण ते प्रेमाने.

ता. क. बुधवार. पत्र पाकिटात घातलं होतं, ते उघडून लिहितो. पाद्रीबाबांची बायको पिसिला काल ऑकलंडहून आली. तिच्या मुलाकडे अशीच डबी आहे. मला चटई बांधून वाकून चालताना तिने पाहिलं आणि कारण विचारलं, मी झाडाखाली नेऊन सांगितलं. ती हसता हसता नीरफणसाला टेकली. लाल दिवा म्हणजे डबीचे कान बंद आहेत, म्हणे. वर एक बारीक खटका असतो, तो सरकवला की बंद. कालोलाइनेने त्या पहिल्या रविवारी फडक्याखालून तोच सरकवला होता! म्हणजे पाद्रीबाबांच्या प्रार्थनेनंतर तू आमचं काहीही ऐकलेलं नाहीस. डुक्कर नाही, कापड नाही, फेआओ नाही. आणि पिसिला म्हणाली की तू लग्नासाठी रजा मिळावी म्हणून वृद्धाश्रमात दुसऱ्यांच्याही संध्याकाळच्या पाळ्या करते आहेस, म्हणून फोन नाही. तिकीटही काढलंयस. तर वरचं सगळं तुला या पत्रातूनच पहिल्यांदा कळतं आहे. मी ते फाडायला बसलो होतो. कालोलाइने म्हणाली, फाडाच, आणि मोठ्या कापडाचं पुन्हा बघू. पण मी फाडलं नाही, कारण पुढचं तुला कळायलाच हवं.

ता. क. आईला यातलं काही सांगितलेलं नाही. ती महिनाभर बंद कानाशी बोलत होती. पहिला ता. क. खोडला असं समज. तिथून काही बंद करू नकोस. खटका मी आजच मागे सरकवला आहे, दिवा गेला. रोज सगळं सांगून झालं की आई थोडा वेळ थांबते, टीव्हीकडे बघत. मग म्हणते, "दमली असेल पोरगी, झोपू दे." ताई, एखाद्या पाळीला सुट्टी घे आणि त्या थांबण्याच्या वेळेला फोन कर. तुमचं बोलणं आमच्या कानावर पडणार नाही. आम्ही सगळे नीरफणसाखाली असू, आता सवय झाली आहे.