लाल दिवा लागत नाही

९ फेब्रुवारी, सोमवार

डोळ्यांच्या दवाखान्यात पोचलोच नाही! नाक्यापुढे गाडीने मान टाकली. चार माणसांनी धक्का मारला, इंजिन ढिम्म. बाबा आत शांत बसलेले. "बॅटरी गेली. आज काही जमत नाही आता." चाळीस वर्षं मोटारी दुरुस्त केलेला माणूस — शाळेच्या ऑफिसात फायली लावणारी मी त्यांच्यापुढे काय बोलणार?

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "पडदा सुटत चाललाय. शुक्रवारी या. त्यापुढे गेलं तर डोळा गेला असंच समजा." बाबांचा डावा आधीच अंधुक. उजवा गेला की संपलं.

१० फेब्रुवारी

टॅक्सीने जाऊ म्हटलं, तर बाबा उसळले. "परक्या गाडीत मी बसणार नाही. ओकत जाऊ काय?" उचलून नेलं तरी ऑपरेशनच्या कागदावर सही त्यांनाच करायचीय. हट्टी, हट्टी, हट्टी!

तो रस्ताही त्यांना नकोसा आहे, हे कळतं मला. सहा वर्षांपूर्वी आईला त्याच शहरात ऑपरेशनला नेलं, ती परत आली नाही. पण म्हणून काय डोळा घालवायचा?

११ फेब्रुवारी

बॅटरी चार्ज करून आणली. बाजारात दोन चकरा मारल्या, संध्याकाळी परत मेली.

एक विचित्र गोष्ट. किल्ली फिरवली की बॅटरीचा लाल दिवा लागायचा, तो हल्ली लागतच नाही. बाबांना विचारलं. "लागत नाही म्हणजे सगळं ठीक. लागला की घाबरायचं." पटलं मला.

१२ फेब्रुवारी

बाबा दुपारी झोपल्यावर शेजारच्या टॅक्सीवाल्या काकांना बोलावलं. दिव्याचं ऐकून ते हसलेच. "अगं, किल्लीला तो लागायलाच हवा, इंजिन सुरू झालं की विझायला हवा!" बॉनेटखाली हात घातला आणि मला जवळ बोलावलं.

डायनॅमोच्या दोन्ही वायरी सुटलेल्या, म्हणूनच दिवा लागत नव्हता. म्हणजे इंजिन चालतं, पण बॅटरी भरत नाही, नुसती खर्च होते. काका म्हणाले, "सुटल्या नाहीत, काढल्यात. आणि काढणाऱ्याच्या हातात कसब आहे."

जाड वायरीत करंट असतो, पत्र्याला लागली तर जाळ होईल, म्हणून तिला नीट टेप गुंडाळलेला. टेपचं शेवटचं टोक दुमडलेलं. बाबा त्याला शेपूट म्हणतात — पुढे उघडणाऱ्याला नखाने खरवडत बसायला लागू नये म्हणून ठेवतात. असं दुसरं कुणी ठेवलेलं मी आजवर पाहिलं नाही.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तिकडे डॉक्टरांच्या विनवण्या करतेय, आणि हे इथे वायरी काढतायत! एवढे भित्रे?

काका जोडायला निघाले, मी थांबवलं. डायनॅमो जोडला की इंजिन किंचित दबतं, ते बाबांना झोपेतही ऐकू येईल. मग गाडीत बसणारच नाहीत. उघडं पाडलं तर सही करणार नाहीत. काका म्हणाले, "मग बॅटरी पूर्ण भर. तासभर ओढेल. पंखा, दिवे, काही लावायचं नाही. आणि वाटेत बंद करू नकोस, पुन्हा सुरू होईलच असं नाही."

रस्ता पन्नास मिनिटांचा. बॅटरी रात्रभर चार्जिंगला टाकलीय.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

निघालो. बाबा खुशीत! नाका मागे पडला तसा त्यांचा चेहरा बदलला. "उकडतंय" म्हणून पंखा लावला. मी बंद केला. पुन्हा लावला. मी पुन्हा बंद. मग रेडिओ. मग, लख्ख उन्हात, "समोरून ट्रक येतायत, दिवे असू देत." मी त्यांचा हात धरून मांडीवर ठेवला, आणि सोडलाच नाही. एका हाताने स्टिअरिंग.

पुलावर इंजिन अडखळलं. सिग्नलला हॉर्न दाबला, नुसता घशातून आवाज. मी मनातल्या मनात देवाला नाही, बॅटरीला हात जोडले. दवाखान्याच्या फाटकातून आत वळलो आणि गाडी बंद पडली. उतारावरून तशीच पायरीपर्यंत गेली.

बाबा समोर बघत म्हणाले, "टेप पाहिलास वाटतं."

"शेपूट दुमडलेलं होतं, बाबा."

"हं." उतरले. सही केली. मी बाकावर बसून ढसाढसा रडले.

१४ फेब्रुवारी

पडदा बसला! दिसेल म्हणतात.

२० फेब्रुवारी

बाबांशी अजून धड बोलत नाहीये. राग गेलेला नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

सकाळी बाबांनी डोळ्यावरच्या पट्टीसकट बॉनेटखाली हात घातला. चाचपत शेपूट शोधलं, टेप उलगडला, वायरी जोडल्या. मी पाना धरून उभी होते. वर न बघताच म्हणाले, "तुझ्या आईला नेलं ना, तेव्हा गाडी एकदाही बंद पडली नाही गं. पडली असती तर बरं झालं असतं."

मग मला किल्ली फिरवायला सांगितली. लाल दिवा लागला.