दोन-आठच्या बांगड्या

माय, आज माझं महिन्याचं इंजेक्शन होतं. इथे अकोल्यातल्या दवाखान्यातली नर्स ते कमरेखाली टोचते, आणि मग दिवसभर मी खुर्चीत तिरकी बसते. तू असतीस तर आधी पोटभर हसली असतीस आणि मग शेकायला फडकं गरम करून आणलं असतंस. तुला जाऊन अकरा वर्षं झाली, त्यामुळे मला काय झालं हे तुला कोणी सांगितलेलं नाही. खरं तर ते सगळ्यांत आधी तुलाच कळलं होतं, म्हणून लिहिते आहे.

चांदूर बाजारच्या आठवडी बाजारात तुझं दुकान म्हणजे एक कापडी पाल, दोन पेट्या बांगड्या आणि तू. बाई समोर बसली की तू तिचा हात हातात घ्यायचीस, अंगठ्याखालची गादी एकदा दाबायचीस आणि नंबर न विचारता डझन काढायचीस. हात घालून नंबर बघायच्या मापाच्या कड्या इतरांकडे असायच्या. तुझं म्हणणं, "ज्याले हात समजत नाही त्यानं कड्या ठेवाव्या." माझ्या लग्नाचा चुडाही तूच भरलास, दोन-सहा नंबरचा, आणि भरता भरता दटावलंस, "रडू नको वं, हात कडक होते." मी रडायची थांबले, कारण तुझ्यापुढे दुसरा इलाजच नसायचा.

मग ती संक्रांत. मी अमरावतीला माहेरी आलेली. स्वयंपाकघरात तू वांग्याची भाजी ढवळते आहेस. पदराला हात पुसून तू माझा हात धरतेस, दाबतेस, थांबतेस, पुन्हा दाबतेस. "तुया हात वाढला वं. दोन-आठ लागन तुले." मी फणकारते, "काहून? मी काय जाडी झाली का? वजन तेच आहे माह्यं. तुयीच बोटं म्हातारी झाली आता." भाऊ दारात उभा राहून फिदीफिदी हसतो. बांगडीवालीच्या लेकीचा हात वाढावा, ही मला भारीच नामुष्की वाटली होती. दोन-सहाच्या हिरव्या बांगड्या कागदात गुंडाळून दिल्यास, हातात मात्र भरल्या नाहीस. पुढच्या बाजाराला तू मापाच्या कड्या विकत घेतल्यास, असं भावानं फोनवर सांगितलं.

पुढे माझी चप्पल दोन नंबरांनी वाढली. नाक पसरलं. आवाज एवढा जाड झाला की गॅसवाला फोनवर मला "दादा" म्हणायचा. मी सगळं वयावर ढकललं. तीन वर्षांपूर्वी शुगर दाखवायला गेले, तर डॉक्टरीणबाई रिपोर्ट सोडून माझ्या हाताकडेच बघायला लागल्या. "काकू, बांगडीचा नंबर बदलला का तुमचा?" माय, मी गारच पडले. मेंदूखाली वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते, तिच्यावर गाठ होती. कॅन्सरची नाही, पण वाढीचं हार्मोन नको तेवढं सोडत बसलेली. नाकातून ऑपरेशन करून बरीचशी काढली, आणि उरलेलीसाठी हे इंजेक्शन लागलं.

त्यामागची गोष्ट तुला आवडली असती. आपल्या अंगात सोमॅटोस्टॅटिन नावाचं एक हार्मोन असतं, आणि त्याचं काम म्हणजे जिथे तिथे जाऊन "पुरे" म्हणायचं. वाढीच्या हार्मोनला पुरे, पोटातल्या ॲसिडला पुरे, शुगर उतरवणाऱ्यालाही पुरे आणि चढवणाऱ्यालाही. मी म्हटलं, "म्हंजे आमची माय!" डॉक्टरीणबाई खूप हसल्या. अंगातलं हे हार्मोन दोन-तीन मिनिटांत विरून जातं, म्हणून माणसांनी त्याची महिनाभर टिकणारी नक्कल केली. दारूनं लिव्हर गेलेल्याच्या अन्ननळीतली शीर फुटली, तर रक्त थांबवायलाही तसलंच औषध देतात म्हणे. मला पहिले दोन महिने त्यानं संडासाला पळवलं, आणि पित्ताशयात खडे होतात की काय म्हणून अधूनमधून सोनोग्राफी असते. पण अंगठी सैल झाली, घोरणं गेलं, आणि गॅसवाला पुन्हा "ताई" म्हणू लागला. हाडं वाढली ती वाढली, सूज मात्र उतरली. गेल्या महिन्यात साबण लावून दोन-सहाची बांगडी हातात गेली, तेव्हा मी घरभर नाचले.

हे पत्र पाठवणार कुठे? तुझा कड्यांचा जुडगा माझ्याकडे एका डब्यात आहे, त्यातच ठेवीन. बाजारातल्या बायका सांगायच्या की शेवटपर्यंत तू प्रत्येकीचा हात आधी कडीत घालून बघायचीस, ओळखीच्या बायकांचासुद्धा. तो दोष माझा.

कारण त्या हिरव्या बांगड्या मला झाल्याच नव्हत्या, माय. अकोल्याला येऊन घालायला गेले तर तीन पिचल्या. दुसऱ्याच दिवशी बाजारातून तशाच हिरव्या दोन-आठच्या आणल्या, आणि तुला फोन केला, "बरोबर बसल्या वं, दोन-सहाच." मग म्हणालीस, "मंग मीच चुकली."

आणि मी "हो" म्हणाले.