सुक्या लिंबाचा भात

मस्कत, गुरुवार

आई,

तुझ्या खल्फानचा सलाम. मी बरा आहे, वेळेवर जेवतो. लकव्यानं आखडलेला तुझा उजवा हात उघडायला लागला का? धाकटी मोझा रोज तेल लावते ना, की कंटाळली?

आमच्या खानावळीत हल्ली भारतातले पाहुणे फार येतात. काल त्यांच्यातल्या एका आजींनी तुझा सुक्या लिंबाचा भात दोनदा मागून घेतला. मग विचारलं, "मसाला किती घालतोस रे?"

"आईच्या मुठीनं एक मूठ."

"आणि आईची मूठ केवढी?"

तीस वर्षं त्या मुठीचं खाल्लं, आणि मला सांगता येईना.

मोझाला कागदावर तुझ्या उजव्या हाताभोवती पेन्सिल फिरवून पाठवायला सांग. तो उघडत नाही म्हणून रडू नकोस. मला मूठच हवी आहे.

तुझा,
खल्फान